भंडारदऱ्याचा ‘निवांतपणा’ नेमका कोणाचा मोजायचा?

सप्टेंबर उजाडला की एक ठरावीक मजकूर फिरायला लागतो. शहराचा गोंगाट मागे टाका, या शरदात एखाद्या छोट्या गावात जाऊन ‘स्लो लिव्हिंग’ अनुभवा, वगैरे. खाली पाच-सात ठिकाणांची यादी. मुंबई-पुण्याच्या वाचकासाठी असेल तर आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं, अकोले तालुक्यातलं भंडारदरा त्यात बहुतेक वेळा असतंच. काठोकाठ भरलेलं धरण, रतनवाडीचं अमृतेश्वराचं मंदिर, उतारांवर फुललेली सोनकी, चुलीवरची भाकरी. वाचायला छान वाटतं, आणि जायलाही काहीच हरकत नाही.

इथे आपण एरवी शोधनिबंध वाचतो. आज हा मजकूर घेतोय त्याचं कारण सांगतो. ग्रामीण पर्यटन, कृषी पर्यटन, होमस्टे या विषयांवरचे जे आराखडे विद्यार्थी तयार करतात, त्यांच्या पायाशी पुष्कळदा हेच यादीतलं वाक्य असतं. फक्त त्याला ‘शाश्वत’ आणि ‘समुदाय-आधारित’ अशी दोन विशेषणं लागलेली असतात. मग शंभर-दीडशे पर्यटकांना पाच गुणांच्या लाइकर्ट पट्टीवर समाधान विचारलं जातं, सरासरी चारच्या वर येते, आणि शेवटच्या प्रकरणात निष्कर्ष असतो की पर्यटनामुळे गावाचा विकास होतो. मोजलं पाहुण्याला, निष्कर्ष काढला यजमानाबद्दल. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आलं, त्यानंतर या विषयाकडे वळणारे वाढले असतील तर नवल नाही. म्हणून आधी हे मूळ वाक्यच तपासू. त्यात तीन शब्द महत्त्वाचे आहेत: ‘शरद’, ‘स्लो’ आणि ‘अनुभवा’.

‘शरद’पासूनच घोळ सुरू होतो. ज्या परदेशी मजकुरांवरून हा साचा आलाय, तिथे ऑटम म्हणजे पानांचे रंग, सुगी संपलेली, थंडी यायच्या आधीचा सुस्तावलेला काळ. आपल्याकडे शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. पाऊस सरलेला, दुपारी ऑक्टोबर हीटचा चटका, आणि सह्याद्रीच्या रानातली पानं अजून हिरवीगार. त्यांची गळती माघ-फाल्गुनाकडची. एवढा फरक तर सगळ्यांनाच दिसतो. न दिसणारा फरक शेताच्या कॅलेंडरमध्ये आहे. भंडारदरा, रतनवाडी, घाटघर, बारी या पट्ट्याचं मुख्य पीक भात. जुलैच्या धो-धो पावसात आवणी होते. हळव्या जाती आधी तयार होतात, गरव्या मागून, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी-झोडणीची एकच गडबड उडते. त्यातच वरई-नाचणी काढायची, खुरासणी राखायची. (अकोल्याचा काळभात ऐकला असेल, कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असे गावरान वाण जपले आणि 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.) फोटोतला प्रत्येक पिवळा उतार सोनकीचा नसतो, हेही लक्षात ठेवा. सोनकी रानची. खुरासणी पेरलेली असते, तिच्यात उभं राहून फोटो काढणं म्हणजे कुणाच्या तरी पिकात उभं राहणं.

म्हणजे बघा, ज्या आठवड्यांना यादी ‘निवांत’ म्हणते ते या गावांच्या वर्षातले सर्वांत धावपळीचे आठवडे. दिवाळीची सुट्टी नेमकी कापणीवर येते. पाहुण्यांची गर्दी आणि शेतातल्या हातांची गरज, दोन्हींचं टोक एकाच वेळी गाठलं जातं. दोन्ही रेषा एका आलेखावर काढून पाहिल्या तर पुढचा प्रश्न आपोआप सुचतो: हातांची गरज सर्वांत कमी कधी असते? भात घरात आल्यानंतर. आणि नेमकं तेव्हाच या भागातली कितीतरी कुटुंबं मजुरीसाठी नारायणगाव, जुन्नर, संगमनेरकडे उतरतात, कारण डोंगरात दुसरं पीक घ्यायला पाणी नसतं. त्या काळात भंडारदऱ्याचं नाव यादीत नसतं. पुन्हा येतं ते मेअखेरीला, काजव्यांसाठी.

आता ‘स्लो’. हा शब्द शोधकामात वापरायचा तर त्याचा उगम माहीत हवा. 1986 मध्ये रोमच्या स्पॅनिश स्टेप्सजवळ मॅकडोनाल्ड्स उघडण्याला विरोध झाला, त्यातून कार्लो पेत्रिनी यांची स्लो फूड चळवळ उभी राहिली. त्याच विचारातून 1999 मध्ये इटलीत चित्तास्लो हे छोट्या शहरांचं जाळं सुरू झालं. ग्रेवे इन कियांतीचे तेव्हाचे महापौर पाओलो सातुर्निनी त्यात पुढे होते आणि ऑर्विएतो हे त्याचं केंद्र. सदस्य व्हायचं तर शहराची लोकसंख्या पन्नास हजारांच्या आत लागते आणि सत्तरच्या वर निकषांवर तपासणी होते. आता गंमत अशी की हे निकष बहुतांशी रहिवाशांच्या रोजच्या जगण्याचे आहेत. हवा, पाणी, कचरा, आवाज, पायी आणि सायकलने फिरण्याची सोय, स्थानिक शेतमाल. पाहुणचाराला जागा आहे, पण एक भाग म्हणून. लोकसंख्येची अट लावली तर अकोले सहज बसेल. बाकीच्या निकषांवर बसेल का, हा चांगला संशोधन-प्रश्न आहे; पण यादी लिहिणारा तो विचारत नाही, कारण त्याच्या लेखी ‘स्लो’ ही गावाची अवस्था नाही, खोलीसोबत मिळणारी सोय आहे.

प्रवासाच्या बाजूनेही बघा. जॅनेट डिकिन्सन आणि लेस लम्सडन यांच्या 2010 च्या पुस्तकात ‘स्लो ट्रॅव्हल’ची जी मांडणी आहे, तिच्यात विमान आणि कार टाळणं, मुक्काम लांबवणं आणि वाटेचा प्रवास हाच अनुभवाचा भाग मानणं येतं. मुंबईहून कसारा-घोटीमार्गे भंडारदरा एका बाजूने पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. शनिवारी सकाळी सहाला निघून रविवारी संध्याकाळी सहाला परत, असे 36 तास धरा. साडेचार तास जायला, साडेचार यायला. म्हणजे पाव वेळ गाडीत; झोपेचे आठ तास वजा केले तर हातात 19 उरतात. या विषयाच्या स्वतःच्याच व्याख्येनुसार ही सहल स्लो ठरत नाही. कुणी आपल्या प्रबंधात तिला तसं म्हणणार असेल तर व्याख्या आधी बदलावी लागेल, आणि का बदलली तेही लिहावं लागेल.

तिसरा शब्द ‘अनुभवा’. अशी सुट्टी घेतली की माणसाला बरं वाटतं, हा दावा तरी टिकतो का? इथे खरं संशोधन आहे, आणि ते वाचायची पद्धत शिकण्यासारखी आहे.

नाविन आणि सहकाऱ्यांचा 2010 चा नेदरलँड्समधला अभ्यास घ्या. 1530 लोक, त्यातले 974 सुट्टीवर गेलेले. सुट्टीवर जाणारे लोक जाण्याआधी, न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी होते. परत आल्यावर मात्र दोन्ही गटांत फरक दिसला नाही. अपवाद एकच: ज्यांनी आपली सहल ‘अतिशय निवांत’ झाली असं सांगितलं, त्यांचा आनंद परतल्यावरही काही काळ वर राहिला. यादी लिहिणाऱ्याला हे वाक्य सापडलं तर तो उड्याच मारेल: बघा, निवांत सुट्टीच कामाची!

थांबा. सहल निवांत होती, हे ठरवलं कोणी? ज्याचा आनंद मोजला त्यानेच, परत आल्यानंतर. मुळात खुशीत असलेला माणूस त्याच सहलीला निवांत म्हणेल आणि चिडलेला माणूस दमवणारी म्हणेल, ही शक्यता उरतेच. निवांतपणामुळे आनंद की आनंदामुळे निवांतपणाची आठवण? लोकांना चिठ्ठ्या टाकून निवांत आणि धावत्या सहलींवर पाठवलेलं नव्हतं, त्यामुळे या आकड्यांवरून दिशा ठरवता येत नाही. शिवाय निवांतपणा छोट्या गावातच मिळतो असं त्यात कुठेच नाही. घरी लोळून काढलेल्या आठवड्याशी तुलनाही नाही.

दुसरा अभ्यास जेसिका डी ब्लूम आणि सहकाऱ्यांचा, 2013 चा. 54 नोकरदार, सरासरी 23 दिवसांची सुट्टी. तब्येत आणि मनःस्थिती सुट्टीत सुधारली, आठव्या दिवशी सर्वांत वर गेली आणि कामावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात मूळ पातळीवर आली. ‘आठ दिवस लागतात, मग दोन दिवसांत काय होणार’ असा निष्कर्ष काढायचा मोह होईल. काढू नका. ज्याला तीन आठवडे मिळणार हे माहीत आहे त्याचा आठवा दिवस आणि ज्याला रविवारी परतायचंय त्याचा दुसरा दिवस, यांची तुलना या आराखड्यात होत नाही. 54 लोकांचा नमुना, तोही स्वतःहून सहभागी झालेला. एवढं मात्र म्हणता येतं की टिकाऊ बदलाचं आश्वासन देणाऱ्याला हे दोन्ही अभ्यास फारशी साथ देत नाहीत. ‘दोन दिवसांत आयुष्याकडे बघायची नजर बदलेल’ हे जाहिरातीचं वाक्य आहे, प्रस्तावनेत शोभत नाही.

पाहुण्याच्या बाजूचं एवढं पुरे. माझा खरा आक्षेप यजमानाच्या बाजूला आहे, कारण तिथे मोजमापच होत नाही.

भारतात वेळ मोजायचं एक साधन तयार आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचं वेळ-वापर सर्वेक्षण, 2019 मध्ये देशभर झालं. आदल्या दिवशी पहाटे चार ते त्या दिवशी पहाटे चार, असे 24 तास, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या रकान्यांत. घरच्यांसाठी केलेल्या बिनमोल घरकामात, ते काम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी 299 मिनिटं गेली, पुरुषांची 97. हाच तक्ता भंडारदऱ्याजवळच्या एखाद्या होमस्टेच्या घरात, दिवाळीच्या शनिवारी भरायचा असं समजा. पहाटे उठून चूल पेटवणं, पाणी भरणं, गुरांचं बघणं. आठपर्यंत बारा पाहुण्यांचा चहा-पोहे. मग भाकरी. दुपारनंतर शेतात कापलेल्या भाताचे भारे. संध्याकाळी पुन्हा चूल, आणि शेकोटीशी गप्पा मारत बसलेले पाहुणे झोपायला जाईपर्यंत कुणीतरी जागं.

आता या तक्त्याला कोड द्यायला बसा. एकाच परातीतल्या पिठाच्या बारा भाकऱ्या पाहुण्यांच्या, सहा घरच्या. हे काम रोजगारात टाकायचं की घरकामात? सर्वेक्षणात एका रकान्यात एकाहून जास्त कामं नोंदवायची सोय आहे, पण वेळ वाटायचा कसा? भाकऱ्यांच्या संख्येवर वाटला तर दोन तृतीयांश काम ‘कमाईचं’ होतं. पैसे कोणाच्या खात्यात गेले यावर ठरवलं, आणि खातं नवऱ्याच्या किंवा दिराच्या नावावर निघालं, तर तेच काम पुन्हा ‘घरच्यांना मदत’ होऊन बसतं. शोधनिबंधाच्या पद्धतिशास्त्राच्या प्रकरणात ही एक ओळ असते. वाचणारा परीक्षक तिच्यावर दोन सेकंद थांबतो. पण पर्यटनाने बाईच्या हातात काय आलं, या प्रश्नाचं उत्तर त्या एका ओळीवर उलटंसुलटं होऊ शकतं. ‘चुलीवरचं जेवण’ हे स्लो फूड म्हणून विकलं जातं. ते शिजवणाऱ्या हाताचा वेग कुणी विचारत नाही, आणि चुलीच्या धुराचाही नाही.

याचा अर्थ होमस्टे वाईट, असा काढू नका. रोख पैसा येतो, आणि डोंगरातल्या घराला रोख पैशाची किंमत काय असते हे अकोल्यात राहिलेल्याला सांगायला नको. त्या पैशामुळे एखादं कुटुंब माघात नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर जायच्या ऐवजी घरी राहिलं, मुलांची शाळा सुटली नाही, तर बाकी सगळे आक्षेप मी मागे घ्यायला तयार आहे. फक्त ते मोजायला हवं. परावलंबी चल म्हणून ‘पर्यटकांचं समाधान’ ठेवायच्या ऐवजी ‘वर्षातले स्थलांतराचे दिवस’ ठेवून बघा. तोलायला होमस्टे नसलेली, पण जमीन आणि पाणी तितकंच असलेली घरं घ्या. तीही जवळच्याच वाडीतली. ‘पर्यटनाचं गाव’ आणि ‘बिनपर्यटनाचं गाव’ अशी तुलना केली तर रस्ता, धरण आणि जमिनीचा पोत असे तीन फरक त्यात मिसळून जातात आणि मग कशामुळे काय झालं ते सांगता येत नाही.

पाण्याचं इथे थोडं सांगायलाच हवं, कारण फोटोतली मुख्य वस्तू तीच आहे. भंडारदऱ्याचं विल्सन धरण 1926 मध्ये पूर्ण झालं, उंची 82 मीटर. ते बांधलं गेलं खालच्या कोरड्या पट्ट्यासाठी. त्याच्या कालव्यांवर संगमनेर, श्रीरामपूर, राहाता, राहुरीकडचा ऊस उभा राहिला, आणि त्याच उसावर लोणी-प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना. घाटघर-रतनवाडीला वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, जिल्ह्याच्या पूर्वेकडे पाचशे-सहाशे. ऑक्टोबरमध्ये धरण तुडुंब दिसतं कारण रब्बीची आवर्तनं अजून सुटायची असतात. मे महिन्यात तिथेच गाळाच्या कडा उघड्या पडतात, आणि धरणाच्या वरच्या वाड्यांमधल्या बायका झऱ्यावर रांग लावतात. एका महिन्याचा फोटो हा बारा महिन्यांचा नमुना नव्हे. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत कुणी बारापैकी एकच वाचन घेऊन सरासरी लिहिली तर मार्गदर्शक वही परत फेकतील. पर्यटनाच्या प्रबंधांत क्षेत्रभेटीची तारीख सर्रास हंगामातलीच असते, आणि ती मर्यादांच्या यादीतही येत नाही.

याच जिल्ह्यात, याच ऋतूत दुसरं काय चालतं तेही बघा. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारला पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पाऊस किती पडला, विहिरींची पातळी किती, त्यावरून रब्बीत कोणतं पीक किती घ्यायचं ते ग्रामसभा ठरवते. शेतीसाठी बोअरवेलला बंदी, उसासारख्या तहानलेल्या पिकांना आळा. पोपटराव पवारांच्या सरपंचकीत 1990 च्या सुमाराला सुरू झालेलं हे काम आता अभ्यास-सहलींचं ठिकाण झालंय, त्यामुळे तेही ‘दाखवायचं गाव’ आहे आणि त्याचे आकडे तितक्याच संशयाने तपासावेत. पण ‘स्लो’ शब्दाला चित्तास्लोच्या अर्थाने जवळची गोष्ट शोधायची तर मला ती रानफुलांच्या यादीपेक्षा या ताळेबंदात दिसते: स्वतःच्या गावाचा वेग गावकऱ्यांनी स्वतः ठरवला. तिथे कोणी वीकेंडला निवांतपणा शोधायला जात नाही, हे वेगळं.

एक जुना सिद्धांत इथे वाचून ठेवा, रिचर्ड बटलर यांचा 1980 चा. पर्यटनस्थळ शोध, सहभाग, विकास, स्थैर्य, साचलेपणा अशा टप्प्यांतून जातं, असं त्यांनी मांडलं. आपल्या विषयाला तो चपखल लागू होतो, कारण ‘इथे अजून कुणी येत नाही’ हे विक्रीचं वाक्य फक्त पहिल्या टप्प्यातच खरं असतं आणि ते छापून आलं की दुसरा टप्पा सुरू होतो. साताऱ्याच्या कास पठारावर हे घडून गेलंय. 2012 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा, मग गर्दी, मग शुल्क, आगाऊ नोंदणी आणि दिवसाला तीन हजारांची मर्यादा. भंडारदऱ्याला काजव्यांच्या हंगामात गाड्यांच्या दिव्यांचा प्रश्न याच वळणाचा आहे: काळोख बघायला आलेली गर्दी सोबत उजेड घेऊन येते. बटलर यांच्या प्रारूपावर टीकाही भरपूर झाली आहे. टप्पा कधी बदलला हे घडून गेल्यावरच कळतं, ही मला त्यातली सर्वांत जोरदार वाटते. आराखड्यात ते वापरणार असाल तर कोणता आकडा ओलांडला की टप्पा बदलला म्हणायचं, हे माहिती गोळा करण्याआधी लिहून ठेवा.

कुणाला खरंच रतनवाडी किंवा बारीत हे काम करायचं असेल तर दोन व्यावहारिक गोष्टी. पहिली फेरी दिवाळीच्या आठवड्यात ठेवू नका. कापणी आणि पाहुणे एकदम असतात, तुमच्या प्रश्नावलीसाठी कुणाला उसंत नसते, आणि जो बोलेल तो पाहुण्याशी बोलतो तसं गोड बोलेल. आवणीच्या दिवसांत एकदा जा, ऑक्टोबरात एक शनिवार आणि एक बुधवार घ्या, आणि फेब्रुवारीत पुन्हा त्याच घरांना जा. फेब्रुवारीत काही दारांना कुलूप असेल. आपल्याकडे अशा घरांवर ‘प्रतिसाद नाही’ असं लिहून शेजारचं घर घ्यायची सवय आहे. तसं करू नका. त्याला वेगळा रकाना द्या: कधीपासून बंद, माणसं कुठे गेली, म्हातारी माणसं मागे राहिली का. शेजारी विचारलं की हे सगळं कळतं, आणि होमस्टे असलेल्या आणि नसलेल्या घरांतला फरक बघायचा तर हाच रकाना लागणार आहे.